पन्नाशीतली चोरओटी

माझं पोट सकाळी वेगळं असतं आणि संध्याकाळी वेगळं, हे मला पहिल्यांदा परकराच्या नाडीनं सांगितलं. सकाळी घरातून निघताना बांधलेली गाठ दुपारी चारला रुतायला लागायची. सहाला मी शिलाई मशीनमागे भिंतीकडे तोंड करून ती सैल करायची, आणि घरी पोचेपर्यंत परकर नुसता नशिबावर टिकलेला असायचा. दुसऱ्या दिवशी उठावं तर पोट पुन्हा जागेवर, जणू रात्री काही झालंच नव्हतं. ढेकर यावा असं वाटायचं तेव्हा यायचा नाही. येऊ नये तेव्हा हमखास यायचा, तोही गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेताना, अगदी तिच्या कानाशी.

मी ब्लाउज शिवते. बोईसरच्या बाजारात एका जिन्याखाली माझं दुकान आहे, दोन मशीन मावतील एवढं. राहते नवापूरला, समुद्राच्या काठावर. माझं माहेर मासवणकडचं, भातशेतीतलं. लग्न होऊन आले तेव्हा मला सुकट आणि जवळा यांतला फरकसुद्धा कळत नव्हता, आणि सासूनं त्यावरून पहिलं वर्षभर गावाला फुकटची करमणूक पुरवली. आता सव्वीस वर्षं झाली. आता सुके बोंबील मी डोळे मिटून, वासावर निवडते.

माझ्या धंद्यात माझा एक तोरा होता. माप घेताना मला बाईचे दिवस गेलेले कळायचे. छातीचं माप बोटभर वाढलेलं, कंबर अजून तशीच, आणि बाई उभ्या उभ्या भिंतीला टेकते. मी मनात ओळखायची. बोलायची नाही. फक्त शिलाईच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडायची. तीन महिन्यांनी तीच बाई यायची, "दीदी, थोडा ढीला करना पडेगा" म्हणायची, आणि ब्लाउज उलटा करून बघितल्यावर थक्क व्हायची. कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीयांच्या बायका तर मला देवीच समजायच्या. मीही त्यांचा गैरसमज दूर करायची नाही.

घरी आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासू. नवरा पूर्वी बोटीवर जायचा, आता तारापूरच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जातो. सासू अठ्ठ्याहत्तरची, अंगानं वाळलेल्या बोंबलासारखी, आणि आवाज असा की ओहोटीला उभी राहून हाक मारली तर भरतीच्या रेषेवरचा माणूस दचकेल. ती अजून मासळी सुकवते आणि बाजारात बसून विकते.

आम्हाला मूल झालं नाही. हे वाक्य आता मी असं सरळ लिहू शकते, पण त्याला वेळ लागला. पहिली दहा वर्षं पालघरचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले, वाणगावला एक वैद्य होता त्याचे कडू काढे झाले. मग एका दिवशी मी आणि नवऱ्यानं ठरवलं की पुरे. सासूला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बोंबील उलटायला गेली. त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही. लोकांना वाटायचं, किती समजूतदार सासू. मला मात्र तिच्या गप्प बसण्यात रोज एकच वाक्य ऐकू यायचं, की या बाईनं माझा वंश बुडवला. तिनं ते कधी म्हटलं नव्हतं. पण मी ते ऐकत होते आणि त्याचा राग मनात धरून होते.

तर त्या वर्षी, पन्नासावं लागलं आणि माझी पाळी थांबली. एक महिना नाही, दोन नाही, चार महिने झाले. मी मनात म्हटलं, सुटले. दुकानात येणाऱ्या माझ्या वयाच्या बायका याच गोष्टी बोलायच्या. कुणाला घाम फुटतो, कुणाला झोप नाही, कुणी नवऱ्यावर विनाकारण खेकसते. माझ्या वाट्याला पोट आलं. मी दोष वालाला दिला. शिमगा नुकताच झाला होता, वालाचे दिवस होते, आणि आमच्याकडे बिरड्यावर माझ्याइतकं प्रेम कुणाचंच नाही. ओवा चावला, हिंगाचं पाणी प्यायले, सोड्याची पुडी घेतली. पोट फुगायचं थांबलं नाही. त्यात जिभेला चव नव्हती म्हणून मी येताजाता कोवळी कैरी मिठाला लावून खात होते.

हे सगळं सासू बघत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानातून आले तर माजघरात पाट मांडलेला. सासूनं माझ्या पोटाकडे बघितलं. दिवसभराच्या कष्टानं ते तेव्हा आपल्या पूर्ण वैभवात होतं. "हातपाय धू नि बस," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, कुठल्या देवाचं काहीतरी असेल. बसले. तेवढ्यात मागच्या दारानं शेजारची काकी आली, पदराखाली ताट झाकून, आणि तिनं आत आल्यावर दाराला कडी लावली.

ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या रंगाचा खण.

खण बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला, म्हणजे आधीच्या गोळ्यावर दुसरा. असे हिरवे खण मी शेकड्यांनी शिवलेत. पोटात मूल आहे हे गावाला कळायच्या आधी, कुणाची नजर लागू नये म्हणून, घरातली बाई गुपचूप सुनेची ओटी भरते, ती चोरओटी. सासू विधवा, तेव्हा रीतीप्रमाणे तिनं स्वतः ओटी भरायची नाही, म्हणून काकी. सासू बाजूला भिंतीला धरून उभी होती.

मी तिथंच बोलायला हवं होतं. "आय, असं काही नाही," एवढे चार शब्द. ते तोंडात आलेही होते. पण काकीनं माझ्या ओटीत नारळ ठेवला आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या पोटातून असा काही गुडगुडाट झाला की नारळ हलला.

"बघ गो, बघ! हाललं!" काकी जवळजवळ ओरडली.

"गप," सासू म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

तो काय हलला होता ते मला ठाऊक होतं. दुपारी वालाचं बिरडं खाल्लं होतं. तरी मी गप्प बसले. कारण त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मनात महिने मोजले. चार. मग मला आठवलं की ब्लाउजही छातीत घट्ट होतोय. आणि सकाळी मळमळलं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटांचा अंदाज बांधणारी मी, स्वतःच्या पोटापुढं शेंबडी पोर झाले.

जेवायच्या आधी मी खोलीचं दार लावून टेप काढली आणि कंबर मोजली. चार बोटं जास्त. आता, मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते, बाई, माप एकाच वेळेला द्या, एक दिवस उपाशी नि एक दिवस जेवून देऊ नका, ब्लाउज बिघडतो. आणि मी स्वतःचं जुनं माप सकाळी घेतलेलं, नवं संध्याकाळी सातला, बिरडं पोटात असताना. एवढी अडाणी चूक माझ्या हाताखालच्या मुलीनं केली असती तर मी तिला दिवसभर काज करायला बसवलं असतं. पण त्या दिवशी मी टेप गुंडाळली आणि आरशात बघून चक्क हसले.

चोरओटी ही चोरून ठेवायची असते हे काकीला सोडून सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी मी शेअर रिक्षात बसायला गेले तर तीन बायकांनी सरकून मला खिडकीची जागा दिली. दुपारी कुणीतरी चिंचा पाठवल्या. संध्याकाळी आवळे आले. रविवारी एक म्हातारी, जी माझ्याशी गेली दोन वर्षं बोलत नव्हती, दारात येऊन "उन्हात फिरू नको" सांगून गेली. मी कुणालाच हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. त्या काळात मी जितकं मान डोलावून हसले तितकं लग्नातही हसले नव्हते.

घरात तर सासूनं राज्यच हातात घेतलं. पपई बंद. मशीनचं पायडल बंद, मोटर लाव. आणि खा. सकाळी तूप घातलेलं दूध. दहाला खजूर. दुपारी वाल, कारण वालानं ताकद येते. चारला डिंकाचा लाडू. रात्री पुन्हा दूध, आणि दुधाला मी नाही म्हटलं तर तिच्या चेहऱ्यावर असा भाव की मी वाटी तोंडाला लावायची. परिणाम व्हायचा तोच झाला. सोमवारपर्यंत माझं पोट टमटमीत फुगलं. सासू रोज बघायची आणि रोज जास्त समाधानी व्हायची. तिच्या हिशोबात मी अजून नवी सून होते, पन्नास वगैरे आकडे तिच्या कानावर कधी पडलेच नव्हते. तिच्या मावशीला म्हणे पंचेचाळिशीत पोर झालं होतं, आणि ते पोर आता स्वतः आजोबा आहे.

नवऱ्याला कुणी नाक्यावर सांगितलं. तो रात्रपाळी करून सकाळी आला आणि दारातच उभा राहिला. "खरं?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

तो आत गेला, कपडे बदलले, आणि पाण्याचा हंडा स्वतः उचलून मोरीत नेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला हसू येत होतं आणि त्याच्या पाठीकडे बघून भरूनही येत होतं.

शनिवारीच मी बोईसरच्या पलीकडच्या टोकाला, जिथं माझं एकही गिऱ्हाईक राहत नाही अशा मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली होती. काउंटरवरची बाई म्हणाली, "मुलीसाठी का?" मी हो म्हटलं. ते पाकीट मी बॉबिनच्या डब्यात, दोऱ्यांखाली ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. भीती वाटत होती म्हणून नाही. पट्टी काय दाखवील हे मला आत कुठंतरी ठाऊक होतं, आणि ते मला इतक्यात माहीत करून घ्यायचं नव्हतं. दिवसभर मी मशीनवर बसून इतर बायकांचे ब्लाउज शिवायची आणि पायडल न मारता, मोटरच्या आवाजात, नको नको ते ठरवायची. मुलगी झाली तर केस कापायचे नाहीत. शाळा बोईसरची की पालघरची. वेड्यासारखं. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच शिवल्या.

बुधवारी मी दुकान बंद ठेवलं आणि एसटीनं पालघरला गेले. तिथल्या डॉक्टरीण माझ्याच वयाच्या असाव्यात. टेबलावर छोटा पंखा, तोंडावर वारा, आणि हातात रुमाल. मी सगळं सांगितलं. ओटीचं नाही सांगितलं. त्यांनी आधी लघवीची तपासणी करून घेतली, मग पोट दाबून पाहिलं, मग म्हणाल्या, "या वयात नव्यानं पोट फुगायला लागलं आणि रोज फुगत राहिलं, तर एकदा सोनोग्राफी करून घ्यायचीच. नुसता गॅस म्हणून सोडायचं नाही." शेजारच्याच खोलीत मशीन होतं. पोटावर थंडगार काहीतरी लावलं आणि पडद्यावर करडं धुकं दिसायला लागलं. मी त्या धुक्यात डोळे फाडून बघत होते.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पोटात हवा भरपूर आहे, बाकी काही नाही."

"दुसरं काहीच नाही ना?" मी विचारलं.

"नाही हो. गाठबिठ काही नाही. घाबरू नका."

मी जणू तेच विचारलं होतं अशी मान हलवली. मग पुसायला दिलेल्या कागदानं मी जरा जास्तच वेळ पोट पुसत बसले.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट समजावलं. पाळी जायच्या काळात शरीरातले स्राव कमीजास्त होतात, त्यानं आतडी मंदावतात, अन्न रेंगाळतं, अंगात पाणी धरून राहतं, आणि दिवसभरात पोट फुगत जातं. "बऱ्याच जणींना होतं. मलाही होतं," त्या म्हणाल्या आणि कोटाचं खालचं बटण उघडंच असल्याचं दाखवलं. मला त्या तेव्हाच आवडल्या. मग त्यांनी मी काय खाते ते विचारलं आणि मी सांगत गेले तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. सहा कप चहा. दुपारचं जेवण चारला, तेही उभ्या उभ्या पाच मिनिटांत, कारण गिऱ्हाईक थांबलेलं. खारी मासळी रोज. वाल आठवड्यातून चार वेळा. रात्रीचं जेवण नवरा दुसऱ्या पाळीवरून येईल तेव्हा, म्हणजे अकरा साडेअकराला. आणि गेले पाच दिवस दूध, तूप, खजूर, डिंक.

"हे पाच दिवसांचं कुणी सुरू केलं?"

"सासूनं," मी म्हटलं. "प्रेमानं."

"त्या प्रेमाला जरा आवर घाला."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं, त्यातलं निम्मं मी आजही पाळते, निम्मं सोयीनं विसरते. थोडं थोडं खायचं, बसून आणि चावून. वाल बंद नाही करायचे, पण रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून, आणि वाटीभरच. मीठ कमी, म्हणजे सुकी मासळी कमी, हे ऐकून मला नवापुरातून हद्दपार केल्यासारखं झालं. दूध सोसत नसेल तर ताक घ्या. कशानं फुगतं ते पंधरा दिवस लिहून ठेवा. रात्री लवकर जेवा आणि जेवल्यावर वीस मिनिटं चाला, रोज. आणि पुन्हा त्रास वाढला, वजन उतरलं, भूक मेली किंवा अंगावरून गेलं तर वाट न बघता या. मी सगळं मापाच्या वहीत लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले नाही. मला राग आला होता. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून मी तो नेहमीच्या ठिकाणी नेला, सासूवर. तिनं हे सुरू केलं. तिला वंश हवा होता, इतकी वर्षं मनात धरून बसली, आणि शेवटी माझ्या गॅसलाही सोडलं नाही.

घरी पोचले तेव्हा ती मागच्या अंगणात बांबूवर टांगलेले बोंबील उलटत होती. उन्हं उतरली होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आय, पोटात काही नाही. गॅस आहे. माझी पाळी जायची वेळ आली, म्हणून."

तिनं हातातला बोंबील उलटला. "डाक्टरनीनं मशीन लावून बगितलं?"

"हो."

"नीट बगितलं?"

"नीट बघितलं. मीपण बघितलं."

ती पुढच्या बोंबलाकडे गेली. मला ते सहन झालं नाही. सव्वीस वर्षांचं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "आता तरी बोला. तुम्हाला वंश हवा होता, मी दिला नाही. कधी बोलला नाहीत, पण रोज तेच ऐकत आले मी. एकदाचं बोला आणि मोकळ्या व्हा."

ती वळली. खरोखर बुचकळ्यात पडली होती. "वंस? कसला वंस?" ती म्हणाली. "आपल्याकडं काय राजाची गादी हाय? एक जाळं नि चार टोपल्या. माज्या दिराची पोरं हायत की, तीच नाव लावतात नि बापाला शिव्या देतात."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मला वाटायचं ते तुज्यासाठी," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, गावभर जाणारा, पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी काय, आज हाय उद्या नाय. तुज्या नवऱ्याचं काय मागंपुडं झालं तर तू एकटी. तुला म्हातारपनी भाकरी कोन वाडल? येवडंच माज्या डोक्यात असायचं. दुसरं काय नाय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलली असती तर तू रडली असतीस. मला रडनारी बाय बगवत नाय."

आणि मी तिथंच, बोंबलांच्या मांडवाखाली, चप्पल घातलेली, रडायला लागले. किती मोठ्यानं, ते आठवलं की मला आजही लाज वाटते. सासूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, ते तिला जमतच नाही. ती बाजूला उभी राहून रडणं संपायची वाट बघत होती, आणि मधूनमधून एखादा बोंबील उलटत होती. मी मात्र इतकी वर्षं जो राग सांभाळून ठेवला होता तो कुणासाठी होता, हेच मला कळेनासं झालं होतं. एवढा राग फुकट गेला याचंही वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

सात वाजता जेवलो. तिनंच वाढलं. दूध नव्हतं. जेवण झाल्यावर तिनं पायात चप्पल घातली. "चल. डाक्टरनीनं चालाया सांगितलंय ना? मी पन येते. माजं पन पोट साफ नसतं, कुनाला सांगत नाय."

आम्ही गल्लीतून निघालो. संध्याकाळच्या वेळी सगळ्या बायका पायऱ्यांवर बसलेल्या. काकीनं मान पुढं काढून विचारलं, "कुटं चाललाव गो दोगी? जपून जा, पोटुशी बाय ती!"

सासू थांबली. मला वाटलं, आता ही काहीतरी सारवासारव करील. तिनं कमरेवर हात ठेवला आणि तो ओहोटीचा आवाज काढला. "पोर नाय हाय! गॅस हाय! चुकी माजी, हिची नाय. आणि चिंचा पाटवल्या त्या परत मिळनार नाय, खाल्ल्या आमी!"

काकीनं मान आत घेतली. मग एकीनं विचारलं की गॅसवर डॉक्टरणीनं काय दिलं, कारण तिलाही तीन महिने तसंच होतंय. मग दुसरी बोलली. गल्ली संपेपर्यंत मी पाच जणींना वाल कसे भिजवायचे ते सांगत होते, आणि त्यातल्या दोघी उठून आमच्याबरोबर चालायलाही लागल्या. सासूनं त्यांना वाटेतल्या पाणपोईशीच परत पाठवलं. "उद्या या. आज आमाला बोलायचं हाय," म्हणाली.

पण ती बोलली काहीच नाही. आम्ही घरांच्या पुढं गेलो, रेतीवर आलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. काही होड्या आडव्या पडल्या होत्या. सासूचं चालणं वाळूत मंदावलं, तशी मीही मंदावले.

मग तिनं पुढं बघतच विचारलं, "तुला पन वाटलं व्हतं का गो?"

मी हो म्हटलं.

"किती दिस?"

"पाच," मी म्हटलं. "शुक्रवारपासून."

तिनं मान हलवली. आणखी चार पावलं टाकली. "माजे दहा झाले," ती म्हणाली. "तू कैरी खायाला लागलीस तेवापासून." मग जरा थांबून, एखाद्या ओळखीच्या बाईबद्दल सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "चांगले गेले पन."

"माझेही," मी म्हटलं.